कुटचे युद्धकैदी: नावे नोंदली कोणाची आणि राहून गेली कोणाची

२९ एप्रिल १९१६ रोजी आजच्या इराकमधील कुट-अल-अमारा या गावात ब्रिटिश-भारतीय फौजेने ऑटोमन तुर्की सैन्यापुढे शस्त्रे खाली ठेवली. टायग्रिस नदीच्या वळणावर वसलेल्या या गावात त्या दिवशी सुमारे १३,००० माणसे युद्धकैदी झाली आणि त्यांतील बहुसंख्य भारतीय होती. शरण आलेल्या फौजेचे अधिकृत नाव ‘सहावी (पुणे) डिव्हिजन’ असे होते. १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या तीन पलटणी तिच्यात होत्या. या पलटणींमध्ये दख्खनी आणि कोकणी मराठे तसेच दख्खनी मुसलमान भरती होत असत. त्यामुळे सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे आणि नगर या भागांतील कितीतरी घरांतला एखादा पणजोबा किंवा खापरपणजोबा त्या दिवशी कुटमध्ये असण्याची शक्यता आहे. घरी मात्र ते ठाऊक असेलच असे नाही.

या लेखाचा विषय ती लढाई नाही, तर तिच्यानंतरची गोष्ट आहे. कैदेत मेलेल्या माणसाचे स्मरण कसे केले जाते, ते कोणाच्या वाट्याला येते, आणि शंभर वर्षांनी त्याचे वारस त्याला कसे शोधतात, हे समजून घेण्यासाठी कुटइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. तिथे एकाच फौजेतील माणसांनी एकच कैद भोगली, पण त्यांची आठवण सारखी राहिली नाही.

आधी घटनाक्रम थोडक्यात पाहू. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याजवळ उतरलेली ही फौज वर्षभरात बगदादच्या दिशेने फार पुढे गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईत तिची चार हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा जखमी झाली आणि ती मागे हटून कुटमध्ये आली. ७ डिसेंबरला वेढा पडला, तो जवळपास पाच महिने टिकला. कोंडी फोडण्यासाठी बाहेरून आलेल्या फौजांनी वारंवार हल्ले केले आणि त्यांत सुमारे २३,००० माणसे मृत वा जखमी झाली, तरी वेढा सुटला नाही. आत अन्न संपत गेले. शेवटी घोडे आणि खेचरे कापण्याची वेळ आली, तेव्हा अनेक भारतीय शिपायांनी ते मांस खाण्यास नकार दिला. हे मांस खाण्यास हरकत नाही, असे निरोप हिंदुस्थानातील धर्मप्रमुखांकडून मागवण्यात आले, तरी पुष्कळांनी फार उशिरापर्यंत ते तोंडात घातले नाही. परिणामी शरणागतीच्या वेळी भारतीय सैनिकांमध्ये स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, पसरलेला होता. कैदेतील पुढच्या मृत्यूंची तयारी अशी वेढ्यातच झाली होती.

शरणागतीनंतर हजाराहून अधिक आजारी आणि जखमी माणसांची अदलाबदल होऊन त्यांना सोडण्यात आले. उरलेल्यांना नदीच्या वरच्या बाजूला शुमरान येथे नेले आणि तिथे अधिकाऱ्यांना शिपायांपासून वेगळे केले. कैदेत कोण जगेल आणि कोण मरेल हे मोठ्या प्रमाणात या विभागणीने ठरले. या फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवण्यात आले, तर शिपायांना बगदाद, तिक्रीत, मोसुल, नुसैबिन असे करत वाळवंटातून रास-अल-ऐनपर्यंत नेले. कुटपासून हे अंतर सुमारे ८०० किलोमीटर आहे. त्यातला थोडा टप्पा आगगाडीने झाला, बाकी सगळा पायी, आणि तोही उन्हाळ्यात. मागून येणारे, स्वतःही कैदी असलेले मेजर-जनरल मेलिस यांना वाटेत ठिकठिकाणी मरणाच्या दारात सोडून दिलेले सैनिक दिसले. त्यांनी जमेल तितक्यांना उचलून सोबत घेतले आणि तुर्की अधिकाऱ्यांकडे पुन्हा पुन्हा तक्रारी केल्या.

रास-अल-ऐन हे गाव आज सीरिया आणि तुर्कस्तान यांच्या सीमेवर आहे. बर्लिनला बगदादशी जोडू पाहणाऱ्या रेल्वेमार्गाचे काम तेव्हा तिथपर्यंत पोहोचले होते. ब्रिटिश शिपायांना मुख्यतः टॉरस आणि अमानुस डोंगरांतील बोगद्यांच्या कामावर जुंपले, तर भारतीय शिपायांना मोठ्या संख्येने रास-अल-ऐनपासून पुढचा मार्ग टाकण्याच्या कामावर लावले. याच गावाच्या परिसरात त्याआधी हद्दपार केलेल्या आर्मेनियन लोकांच्या छावण्या होत्या आणि तिथे त्यांची कत्तल झाली होती. भारतीय कैदी त्या भूमीवर राहिले आणि त्यांतील काहींनी वाचलेल्या आर्मेनियनांसोबत इस्पितळांत काम केले. मानवी इतिहासातील एका भयंकर गुन्ह्याच्या साक्षीदारांमध्ये आपल्या मुलखातील शेतकऱ्यांची मुलेही असावीत, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते आणि ती आपल्याकडे जवळजवळ बोललीच जात नाही.

ब्रिटिश शिपायांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कैदेत मेले किंवा त्यांचा पत्ता लागला नाही. भारतीय मृतांचा आकडा अडीच ते तीन हजारांच्या दरम्यान धरला जातो. त्यांतील पुष्कळ जणांच्या बाबतीत मृत्यूची नोंदच नव्हती. ते परत आले नाहीत आणि कोणत्याही यादीत सापडले नाहीत, म्हणून मृत मानले गेले.

युद्धकैद्याचे स्मरण मुळातच अवघड का असते, हे आता पाहू. लढाईत पडलेल्या माणसाला आठवण्याची रीत जवळपास प्रत्येक समाजाने तयार ठेवलेली असते. आपल्याकडे गावोगावी वीरगळ आहेत. अनेक घरांच्या देव्हाऱ्यात वीराचा टाक असतो आणि काही भागांत धुळवडीला तो वाजतगाजत बाहेर काढला जातो. कैदेत गेलेला शिपाई या चौकटीत बसत नाही. तो लढला, पण पडला नाही. त्याच्या सेनापतीने शरणागती पत्करली, तो निर्णय त्याचा नव्हता, तरी त्याची सावली त्याच्यावर पडली. त्याचा अंत हगवणीने, टायफसने किंवा उपासमारीने, बहुधा एखाद्या अनोळखी रस्त्याच्या कडेला झाला, आणि तो सांगणारा सोबती घरी पोहोचलाच असेल असे नाही. जो जगून परत आला त्याच्याकडेही सांगण्याजोगा विजय नव्हता, म्हणून तो बहुतेकदा गप्प राहिला.

यात मृत्यूच्या तारखेचा प्रश्नही येतो. आपल्या श्राद्धविधीत तिथीला महत्त्व आहे. शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी पितृपक्षातील चतुर्दशी सांगितली आहे आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. कुटहून बेपत्ता झालेल्या शिपायाच्या घरच्यांपुढे या अमावास्येशिवाय दुसरा मार्ग असण्याची शक्यता कमीच होती. सरकारी कागदावर जी तारीख यायची, तीही कित्येकदा मृत्यूची नसून कार्यालयाने त्याला मृत गृहीत धरल्याची असायची. त्या माणसासाठी दरवर्षी पान वाढले गेले, पण हळूहळू तो स्वतंत्र माणूस म्हणून उरला नाही आणि सर्व पितरांमध्ये मिसळून गेला.

इथवरची अडचण सगळ्याच युद्धकैद्यांची असते. कुटच्या भारतीय कैद्यांवर तिच्या पलीकडे आणखी एक अन्याय झाला, आणि तो मुद्दाम घेतलेल्या निर्णयांतून झाला.

१९१७ मध्ये इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनची स्थापना झाली. साम्राज्याच्या प्रत्येक मृत सैनिकाचे, त्याचा हुद्दा, वंश वा धर्म न पाहता, सारख्याच मानाने आणि नावानिशी स्मरण व्हावे हे तिचे तत्त्व होते. फ्रान्समध्ये हे तत्त्व पाळले गेले. १९२७ मध्ये उभ्या राहिलेल्या नव-शापेल येथील स्मारकावर थडगे नसलेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत साधे शिपाई आहेत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मात्र ते मोडले. तिथल्या मोहिमेत मेलेल्या आणि थडगे नसलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उघडण्यात आले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली आणि भारतीय अधिकाऱ्यांचीही. भारतीय शिपायांसाठी मात्र त्यांच्या पलटणीखाली फक्त संख्या लिहिली गेली. नावे मुळात नव्हतीच असे नाही, छापील नोंदवहीत ती होती. दगडावर चढवण्याइतकी ती महत्त्वाची मानली गेली नाहीत.

दोन्ही स्मारके एकाच संस्थेने, एकाच दशकात, एकाच सैन्यासाठी उभारली. फ्रान्समधील स्मारक युरोपच्या नजरेसमोर होते आणि बसऱ्याचे नव्हते, यापेक्षा पटणारे कारण मला दिसत नाही. शिवाय हिंदू शिपायांचे मृतदेह जिथे शक्य झाले तिथे दहन केले जात. ज्याचे दहन झाले त्याचे थडगे नसते, आणि ज्याचे थडगे नसते त्याचे नाव फक्त स्मारकावरच येऊ शकते. म्हणून बसऱ्याच्या दगडावर नाव न येणे याचा अर्थ जगात कुठेही ते कोरले न जाणे असा होता. कुट येथील युद्धदफनभूमीत आज ४२० समाध्या आहेत. त्या आकड्यातून तिथे किती भारतीय मेले याचा अंदाजही येत नाही.

लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या तळघरातही कुटच्या फौजेचे स्मारक आहे. वेढ्यात आणि नंतर कैदेत मेलेल्या ५,७४६ जणांचा त्यावर उल्लेख आहे. तोही आकडाच आहे, पण ब्रिटिश सैनिकांच्या बाबतीत त्यामागे नावांची भरभक्कम व्यवस्था होती. त्यांच्या परगण्यांच्या रेजिमेंटनी याद्या जपल्या, संग्रहालये उभी केली आणि गावच्या चर्चमध्ये नावांच्या पाट्या लावल्या. हॅम्पशायर रेजिमेंटच्या एका बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरला कुटच्या सुटकेच्या प्रयत्नात वीरमरण आले, तेव्हा त्यांच्या पत्नीने त्या बटालियनच्या कैद्यांचा माग घेण्याचे काम हाती घेतले आणि कोणता शिपाई कुठे आहे, जिवंत आहे की नाही, याची नोंद ठेवली. कुटमध्ये ऑस्ट्रेलियाच्या हवाई तुकडीचे नऊ यंत्रज्ञ पकडले गेले आणि त्यांतील सात कैदेत मेले. त्या नऊ जणांपैकी प्रत्येकाची हकिकत तिथल्या अभ्यासकांना आणि कुटुंबांना ठाऊक आहे.

भारतीय बाजूने असे काहीच लिहिले गेले नाही, असेही म्हणता येणार नाही. बंगाल अँब्युलन्स कोअरमधील स्वयंसेवक शिशिर सर्वाधिकारी कुटमध्ये पकडले गेले. त्यांनी कैदेत टिपणे ठेवली, ती सापडू नयेत म्हणून पाने फाडून बुटांत लपवली, आणि पुढे १९५० च्या दशकात सुनेच्या मदतीने ती बंगालीत पुस्तकरूपाने आणली. भारतीय कैद्यांच्या आयुष्याबद्दल आज जे तपशील मिळतात त्यांतले बरेचसे या एका पुस्तकामुळे मिळतात. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील कॅप्टन कल्याण मुखर्जी १९१७ च्या मार्चमध्ये रास-अल-ऐन येथे तापाने गेले. त्यांच्या ऐंशीच्या घरातल्या आजी मोक्षदा देवी यांनी नातवाच्या पत्रांच्या आधारे १९२८ मध्ये त्याचे चरित्र लिहिले. स्मरणाची दिशा इथे उलटी आहे, कारण वारसाने पूर्वजाला आठवण्याऐवजी आजीने नातवाला कागदावर उतरवले. ही दोन्ही घरे शिकलेली होती, म्हणून हे घडू शकले. साताऱ्याच्या किंवा संगमेश्वरच्या डोंगरातील ज्या घरात आलेले पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे, तिथे दुःख कमी नव्हते, पण ते कागदावर उतरले नाही.

महाराष्ट्रातील गावांतही पहिल्या महायुद्धाची स्मारके आहेत. देशभर अनेक गावांत बसवलेल्या छोट्या शिळांवर ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’ अशा अर्थाचा मजकूर आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात, आणि तिथले ४६ जवान त्या युद्धात कामी आल्याचे गावकरी आजही अभिमानाने सांगतात. पण अशा शिळांवर बहुधा आकडेच असतात. त्यांतील कोण फ्रान्समध्ये गेला, कोण मेसोपोटेमियात, कोण गोळीने आणि कोण कैदेत, हे शिळा सांगत नाही.

या सगळ्याची अधिकृत कबुली फार उशिरा आली. त्याच संस्थेने, म्हणजे आजच्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने, एप्रिल २०२१ मध्ये एका विशेष समितीचा अहवाल जाहीर केला. भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान पद्धतीने झाले, आणि आणखी किमान १,१६,००० जणांचे, कदाचित ३,५०,००० पर्यंत, नावाने किंवा मुळीच स्मरण झाले नाही, असे त्यात मान्य केले आहे. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. माफीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे नावे शोधून नोंदवण्याचे काम त्यानंतर सुरू झाले. वारसांच्या दृष्टीने खरा फरक या कामाने पडतो.

आता ज्यांच्या घरात ‘आमचे पणजोबा बसऱ्याला गेले होते’ असे सांगितले जाते, त्यांनी शोध कसा घ्यावा, हे थोडे विस्ताराने सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे पलटणीचा जुना क्रमांक शोधणे. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३ वी मराठा पहिली बटालियन झाली, ११० वी तिसरी आणि ११७ वी पाचवी. घरात ‘जंगी पलटण’ असे नाव ऐकलेले असेल, तर ती पहिली बटालियन, म्हणजे पूर्वीची १०३ वी. त्यानंतर कमिशनच्या संकेतस्थळावरील मृतांच्या यादीत त्या जुन्या क्रमांकाने शोधता येते. भारतीय सैनिकांच्या अनेक नोंदींमध्ये वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो, आणि ब्रिटिश सैनिकांपेक्षा भारतीयांची ओळख पटवणे या एका बाबतीत कधीकधी सोपे जाते. नावे मात्र इंग्रजी कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली आहेत. आडनाव पुष्कळदा गळलेले असते, म्हणून नावापेक्षा गावावरून शोधणे अधिक फलदायी ठरते. गावाचे स्पेलिंगही चार-पाच प्रकारे करून पाहावे लागते.

नोंद सापडली आणि मृत्यूची तारीख २९ एप्रिल १९१६ नंतरची असली, म्हणून तो माणूस कैदेतच मेला असा निष्कर्ष लगेच काढू नये. याच पलटणी नव्या भरतीने पुन्हा उभ्या केल्या गेल्या होत्या, त्यामुळे त्याच क्रमांकाच्या पलटणीतील शिपाई नंतर दुसरीकडेही मेला असू शकतो. ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे कागद आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील युद्धदैनंदिन्या इथे उपयोगी पडतात. जिनिव्हा येथील रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९१४ ते १९१८ या काळातील युद्धकैद्यांची कार्डे आणि याद्या २०१४ पासून संकेतस्थळावर खुल्या केल्या आहेत. त्या मुळात सरकारांनी कळवलेल्या माहितीवर आधारलेल्या आहेत. वाटेत मेलेल्या शिपायाची खबर कोणी कळवली नसेल तर तो त्यांत नसणार, म्हणून तिथे नाव न मिळणे हा कोणत्याही गोष्टीचा पुरावा नाही.

गाववार यादी हाती आली की काय होते, हे पंजाबने दाखवून दिले. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या नोंदवह्यांमध्ये पंजाबमधील सुमारे ३,२०,००० सैनिकांची माहिती होती. त्या संगणकावर आणण्याचे काम ब्रिटनमधील पंजाबी वारसा संस्थेने हाती घेतले आणि २०२१ मध्ये पहिल्या तीन जिल्ह्यांच्या नोंदी खुल्या केल्या. परदेशांत वाढलेल्या नातवंडांना आणि पणतवंडांना आपल्या गावाच्या पानावर आपल्याच माणसाचे नाव वाचता आले. मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांसाठी असे काम व्हावे असे मला मनापासून वाटते. ते सरकारने करावे, विद्यापीठांनी करावे, किंवा माजी सैनिकांच्या संघटनांनी करावे, पण ते व्हायला हवे.

कायद्याबद्दल एवढे सांगणे पुरे की, पहिल्या महायुद्धाच्या या अनुभवांतून १९२९ चा आणि पुढे १९४९ चा जिनिव्हा करार आकाराला आला. आज पकडलेल्या प्रत्येक सैनिकाला छावणीत पोहोचल्यापासून जास्तीत जास्त एका आठवड्यात कुटुंबाला आणि मध्यवर्ती संस्थेला कार्ड पाठवता आले पाहिजे. कैदेत मृत्यू झाल्यास दाखला, समाधीची किंवा अस्थींची नोंद आणि वस्तूंची यादी ठेवणे पकडणाऱ्या देशावर बंधनकारक आहे. कुटच्या शिपायाला यांतले जवळपास काहीच मिळाले नाही.

शेवटी घरातल्या वस्तूंबद्दल. त्या युद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. लढाऊ सैनिकांचे पदक चांदीचे असल्यामुळे अडचणीच्या काळात कित्येक घरांतून ते मोडीत गेले असणार. भिस्ती, डोलीवाले आणि खेचरवाले अशा बिगरलढाऊ माणसांना तेच पदक ब्राँझमध्ये दिले गेले. कुटमध्ये अशी सुमारे तीन हजार माणसे पकडली गेली होती आणि नोंदींमध्ये सर्वांत जास्त दुर्लक्ष त्यांचेच झाले. म्हणून जुन्या पेटीत ब्राँझचे पदक निघाले तर ते कमी मोलाचे समजून बाजूला टाकू नये. त्याच्या कडेवरील अक्षरांचा भिंगाखाली जवळून फोटो घ्यावा. पेन्शनचे कागद, आलेली तार वा पत्र, पलटणीचा दाखला यांच्या प्रती काढाव्यात, आणि आजी-आजोबांच्या पिढीकडून ऐकलेली माहिती कोणी, कधी आणि कोणाकडून ऐकली यासह लिहून ठेवावी. कमिशनकडे एखादे नाव नव्याने नोंदवण्याची किंवा नोंद दुरुस्त करण्याची विनंती करता येते. त्यासाठी कागदाचा पुरावा लागतो आणि घरातली आठवण एकटी पुरत नाही, पण कोणत्या पलटणीत आणि कोणत्या गावाखाली शोधायचे हे बहुतेक वेळा त्या आठवणीतूनच कळते.